टीममध्ये सगळ्या प्रकारची माणसं आहेत, मग निर्णय एकाच सुरात का होतात?

रेघोटी

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. जरा मोठं आहे, सांभाळून घ्या.

आमची प्रॉडक्ट टीम बघायला अगदी आदर्श आहे. बायका-पुरुष निम्मे-निम्मे, नुकतं कॉलेज संपवलेल्यांपासून रिटायरमेंटला आलेल्यांपर्यंत सगळे, वेगवेगळ्या भाषांचे, वेगवेगळ्या शिक्षणाचे. एक सहकारी अंध आहे, तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. एक जण आधी कित्येक वर्षं कॉल सेंटरला होती. कंपनीच्या वेबसाइटवर विविधतेच्या पानावर आमच्याच टीमचा फोटो आहे.

आता निर्णय ऐका. आधी एवढं सांगते की आमच्या सगळ्यांचा बोनस किती सबस्क्रिप्शनं टिकली या एकाच आकड्यावर असतो. आमच्या ॲपचं सबस्क्रिप्शन बंद करायचा रस्ता मुद्दाम लांबवायचा असं ठरलं. म्हणजे 'रद्द करा' सेटिंगमधून काढून तीन पानं आत न्यायचं, फिकट करड्या अक्षरात ठेवायचं आणि मध्ये प्रत्येक पानावर "नक्की जायचंय का?", "ही ऑफर बघा" असे अडथळे. अंध सहकारी म्हणाला, स्क्रीन रीडरला ती लिंक सापडतच नाहीये, म्हणजे माझ्यासारख्याच्या खात्यातून पैसे जातच राहणार. कॉल सेंटरवाली म्हणाली, वयस्कर लोक अशा वेळी फोन करून अक्षरशः रडकुंडीला येतात. मी दोघांच्या बाजूने बोलले. बाकी सगळे लॅपटॉपकडे बघत बसले. मॅनेजर म्हणाला कायद्यात बसतंय, सगळे करतात, मग पुढे जाऊया ना? कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, शब्द होता 'सर्वानुमते'.

आणि मीटिंग संपल्यावर त्याच गप्प बसलेल्यांपैकी काही जण एकेकटे येऊन मला म्हणाले, तुझं बरोबर होतं गं. एकाने वर हेही ऐकवलं की त्या सहकाऱ्याचं काय, त्याचं प्रत्येक वेळी ॲक्सेसिबिलिटीचंच (अपंगांनाही वापरता यायला हवं, याचंच) असतं.

तर प्रश्न असा की वेगवेगळी माणसं एकत्र आणल्याने निर्णय खरंच जास्त नैतिक होतात का? आणि पुढच्या रिलीजच्या आढावा मीटिंगची अध्यक्ष मी आहे, तर मी नेमकं काय वेगळं करू?

खडूफळा

मौन म्हणजे संमती हे ऑफिसातलं सगळ्यात महागात पडणारं गृहीतक आहे. वाचतोय.

त्रयस्थ

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नका. तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. नैतिक निर्णयाला चांगली माणसं लागतात, वेगवेगळी नाही. दहा माणसं एकाच वयाची, एकाच कॉलेजची, एकाच घडणीची असतील आणि प्रामाणिक असतील तर ती ग्राहकाला फसवणार नाहीत. उलट दहा जण दहा प्रकारचे असतील पण सगळ्यांना बोनस त्या एका आकड्यावर मिळत असेल तर ते सगळे मिळून फसवतील. तुमच्याच उदाहरणात तेच झालंय की. माणसं वेगवेगळी होती, बोनस एकच होता. त्यामुळे वय, लिंग, भाषा बघून माणसं निवडण्यापेक्षा प्रामाणिकपणा बघून निवडा, असं माझं स्पष्ट मत.

मापटं

@त्रयस्थ, बोनसचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण प्रामाणिक माणसं पुरतात हे मान्य नाही, कारण प्रामाणिक माणसालाही जे दिसत नाही ते दिसत नाही.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घ्या. कोविडमध्ये सगळ्यांना माहीत झाला. प्रकाश बोटातून आरपार सोडून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, आणि त्वचेचा रंग गडद असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आकडे दिले. यंत्र ९२ ते ९६ टक्के, म्हणजे ठीकठाक दाखवत होतं, पण धमनीतल्या रक्ताची तपासणी केली तर ऑक्सिजन ८८ च्या खाली होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं. हे यंत्र अनेक दशकं जगभर वापरात आहे. ते बनवणारे कुणी खलनायक नव्हते हो. पण ज्याच्या बोटावर ते चुकतं तो माणूस तपासणीच्या खोलीत पुरेसा नव्हता, आणि मग ऑक्सिजन कुणाला लावायचा हा निर्णय त्या आकड्यावर होत राहिला.

चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. २०१८ मध्ये संशोधक जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी तीन मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली. चेहरा बघून स्त्री की पुरुष एवढंच सांगायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त चूक ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. आणि ही तफावत उघडकीला आणणाऱ्या दोघीही कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

त्रयस्थ

वाचलं, चांगली माहिती. पण याला मी टेस्टिंगमधली ढिलाई म्हणेन. नीट सॅम्पल घ्या, प्रश्न सुटला. यात नैतिकता कुठे आली?

मापटं

कुणाचं सॅम्पल 'नीट' हे ठरवणं हाच नैतिक निर्णय असतो ना. तो ठरवताना ती माणसं खुर्चीत नव्हती म्हणूनच तर वगळली गेली.

निळी शाई

मला दिसत नाही, मी टेस्टर आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

रेघोटी ताई, तुमच्या त्या सहकाऱ्याचं 'प्रत्येक वेळी तेच' असतं कारण प्रॉडक्टमध्ये प्रत्येक वेळी तीच चूक असते. बटण कोडमध्ये बटण म्हणून न लिहिता नुसत्या अक्षरांवर क्लिक लावलं की आमच्या स्क्रीन रीडरला ते साधा मजकूर वाटतं. टॅब दाबत गेलं तर फोकस त्याच्यावरून उडी मारून पुढे जातो. मी कानाने ऐकत बसतो, "ऑफर घ्या, बटण", "मागे जा, बटण", आणि मला हवं ते कधी येतच नाही. दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते. ती ओळ लिहायची की नाही यावर मात्र बैठका होतात.

मला खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. खोलीत मी असलो की बाकी सगळ्यांना सुटका मिळते. ॲक्सेसिबिलिटी ना, मग तो बघेल. म्हणजे जो मुद्दा दहा जणांचा असायला हवा तो माझा एकट्याचा होतो आणि मी तो मांडला की मी किरकिरा. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा आहे. त्यात कामाच्या जागी वाजवी सोयी देणं हा हक्क मानलाय, आणि ती सोय नाकारणं हाच भेदभाव, असंही स्पष्ट म्हटलंय. जी गोष्ट हक्क म्हणून मान्य झालीय ती दर मीटिंगला विनंती करून का मागायची?

माझी एकच अपेक्षा आहे. पुढच्या वेळी माझ्या आधी दुसऱ्या कुणीतरी हा मुद्दा काढावा.

सांजपाखरू

@निळी शाई, शेवटचं वाक्य आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकू का? नाव न देता.

निळी शाई

खुशाल टाका.

सडेतोड

सगळ्यांचं चाललंय छान, पण कुणीतरी दुसरी बाजू लिहायला हवी. मी डेडलाइनवर जगणारा माणूस आहे. आमच्याकडे सारख्या विचाराची पाच माणसं असताना एका तासात निर्णय व्हायचा. आता टीम मिश्र आहे तर तेच काम अख्खा दिवस खातं. प्रत्येकाला वेगळा संदर्भ लागतो, प्रत्येक शब्दावर चर्चा. विविधतेची किंमत असते, ती कुणी सांगत नाही.

उलटतपासणी

@सडेतोड, किंमत असते हे अगदी खरं, आणि ती कशाची असते तेही बघण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल सॉमर्स यांचा २००६ चा ज्युरींवरचा प्रयोग आहे. सहा-सहा जणांच्या नकली ज्युरी बनवल्या, काहींत सगळे गोरे, काहींत चार गोरे दोन कृष्णवर्णीय. सगळ्यांना एकाच खटल्याचा व्हिडिओ दाखवला. मिश्र गटांनी वेळ जास्त घेतला, तुमची तक्रार तिथेही खरी ठरली. पण त्यांनी खटल्यातले तपशील जास्त चर्चेला घेतले आणि तपशिलात चुका कमी केल्या. यातली गंमत अशी की हा फरक त्या दोन वेगळ्या माणसांनी जास्त माहिती आणली म्हणून पडला नव्हता. मिश्र गटात बसलेले गोरे लोकच सगळ्या गोऱ्यांच्या गटातल्या गोऱ्यांपेक्षा जास्त काळजीपूर्वक बोलत होते. समोरचा आपल्यासारखा नाही म्हटल्यावर माणूस 'ते तर उघडच आहे' म्हणून सोडून देत नाही, नीट मांडतो.

तुमचा एका तासाचा निर्णय एका तासात व्हायचा कारण अर्ध्या गोष्टी कुणी विचारतच नव्हतं, असं असू शकतं ना?

सडेतोड

असू शकतं. पण क्लायंटला हे कोण सांगणार :)

धावपट्टी

माझं क्षेत्र विमान वाहतूक. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुकं दाट, दोन जंबो विमानं एकाच धावपट्टीवर. केएलएम या डच एअरलाइनचा कॅप्टन कंपनीतल्या अतिशय ज्येष्ठांपैकी, बाकीच्या वैमानिकांना शिकवणारा. त्याने टेक-ऑफ सुरू केला तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना. कॅप्टनने ठामपणे सांगितलं, नाही. विषय तिथे संपला. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा अपघात.

योग्य शंका त्या कॉकपिटमध्ये होती, योग्य माणसाने योग्य वेळी विचारलीही होती. फक्त तिला पुढे रेटायची पद्धत नव्हती. अशा अपघातांवरूनच १९७९ मध्ये नासाच्या कार्यशाळेतून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट (विमानातल्या सगळ्यांनी मिळून काम करायचं प्रशिक्षण) पुढे आलं, आणि त्यानंतर एअरलाइन्स ते शिकवायला लागल्या. त्यात कनिष्ठाला बोलायला शिकवतात हे सगळ्यांना माहीत असतं. कॅप्टनलाही ऐकायला शिकवतात, ते कमी लोकांना माहीत असतं. शंका आली की आधी थांबायचं, चर्चा नंतर.

म्हणून रेघोटी ताई, तुमचं ट्रेनिंग मॅनेजरपासून सुरू व्हायला हवं.

खडूफळा

प्रतिसाद वाचून झाल्यावरही बराच वेळ सीट बेल्ट बांधूनच बसलो होतो. उत्तम प्रतिसाद.

त्रयस्थ

@धावपट्टी, हे मला पटलं. पण बघा, तिथेही तुम्ही पद्धतच सांगताय. कॉकपिटमध्ये तिघे एकाच प्रकारचे होते तरी पद्धतीने काम भागलं असतं. माझा मुद्दा शाबूत आहे.

कागदी होडी

मी एचआरमध्ये आहे आणि मला दोन्ही बाजू रोज दिसतात म्हणून सविस्तर लिहिते.

पद्धत हवीच, पण पद्धत वापरायला आत कोण येतं हे त्याच्या आधीचं. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांचा २००४ चा अभ्यास आम्हाला शिकताना होता. बोस्टन आणि शिकागोत सुमारे ५००० बायोडेटा पाठवले, पात्रता सारखी, फक्त नावं बदललेली. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना ५० टक्के जास्त फोन आले. हे निवडणारे लोक स्वतःला अप्रामाणिक समजत असतील असं मला अजिबात वाटत नाही. @त्रयस्थ, प्रामाणिकपणा बघून निवडा म्हणता, पण बघणाऱ्याच्या नजरेतच हे असतं त्याचं काय करायचं? आम्ही आता पहिल्या चाळणीत नाव, फोटो, वय, कॉलेज सगळं झाकतो आणि मुलाखतीचे प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने विचारतो. मुलाखत घेणारे आधी आपापले गुण लिहून देतात आणि मगच एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला सगळे कुरकुरले, कारण गप्पा मारून 'माणूस कसा वाटतो' हे ठरवायची सवय होती.

दुसरी गोष्ट, सक्तीची ट्रेनिंगं. वर्षातून एकदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवायच्या, शेवटी क्विझ, झालं. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी शेकडो कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी बघून लिहिलंय की सक्तीच्या ट्रेनिंगने व्यवस्थापनातली विविधता फारशी वाढत नाही, काही गटांच्या बाबतीत तर घटते. उपयोग होतो तो मेंटरिंगचा, आणि वेगवेगळ्या विभागांतल्या लोकांवर जबाबदारी टाकून त्यांना आकडे विचारण्याचा. आधी मी काम करत होते त्या एका ठिकाणी हॉलमधलं ट्रेनिंग दणक्यात झालं आणि त्याच महिन्यात बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या एका मुलीचं प्रोजेक्ट तिला न विचारता काढून घेतलं. "तिचाच त्रास कमी व्हावा म्हणून." हे सांगताना वरिष्ठांचा चेहरा खरंच काळजीचा होता. तिला काय हवंय हे विचारायला मात्र एक फोन कुणी केला नव्हता.

लेखणीबहाद्दर

थोडं अवांतर. मिनिट्सचा विषय निघालाय म्हणून विचारते, तुमच्या मीटिंगमध्ये मिनिट्स कोण लिहितं? आमच्याकडे खोलीत आठ पुरुष आणि मी असले तरी सगळे माझ्याकडे बघतात. वाढदिवसाचं कार्ड, निरोप समारंभ, नव्या मुलाला ऑफिस दाखवणं, सगळं तसंच. यावर अमेरिकेत रीतसर अभ्यास झालेत. ज्या कामांनी प्रमोशन मिळत नाही ती कामं बायकांना जास्त वेळा सांगितली जातात आणि त्या जास्त वेळा हो म्हणतात. आणि जी लिहीत बसते ती बोलू शकत नाही, हे वेगळंच.

सांजपाखरू

+१०० लेखणीबहाद्दर. आम्ही आळीपाळीने ठेवलंय, आडनावाच्या अक्षरावरून. डायरेक्टरचीही पाळी येते.

मापटं

@लेखणीबहाद्दर हे अवांतर अजिबात नाही. 'सर्वानुमते' हा शब्द कुणीतरी लिहिलाच ना.

उंबरठा

आमची टीम अनेक देशांत विखुरलेली आहे आणि मला यातली एक अवघड बाजू मांडायचीय. वेगवेगळी माणसं म्हणजे नैतिकतेच्या वेगवेगळ्या कल्पनासुद्धा. पुरवठादाराने भेट दिली तर घ्यायची का, ओळखीच्याच्या नावाची शिफारस करायची का, वरिष्ठाला सगळ्यांसमोर चुकीचं म्हणायचं का, यावर आमच्यात टोकाची मतं आहेत. आणि एकदा एका पुरवठादाराचं बिल फुगवलेलं सापडलं तेव्हा त्या टीमचा प्रमुख म्हणाला, आमच्याकडे असंच चालतं, तुम्ही आमच्या पद्धतीचा मान ठेवा. विविधतेचं नाव घेऊन चोरी झाकायचा प्रयत्न होता तो. गंमत म्हणजे त्याच टीममधल्या ज्युनियर मुलीने मला नंतर लिहिलं की आमच्याकडे असं अजिबात चालत नाही, ते फक्त त्यांचं चालतं.

तेव्हापासून मी 'आमच्याकडे' म्हणणाऱ्या सगळ्यात वरच्या माणसाचं ऐकून थांबत नाही. त्याच गटातल्या खालच्या माणसाला विचारते. भेद देशादेशांत असतो त्याहून कितीतरी जास्त वर आणि खाली असतो, हा माझा अनुभव.

उलटतपासणी

@उंबरठा, फार मोलाचं लिहिलंत.

आता मूळ धाग्याकडे. रेघोटी ताईंच्या मीटिंगमध्ये विरोध झाला होता हे विसरू नका. चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, टेलिकॉन्फरन्सवरही विरोध झाला होता. एवढ्या थंडीत रॉकेटच्या जोडातली रबरी कडी नीट बसणार नाही, उड्डाण नको, असं ते रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनियरांनी सांगितलं होतं, कंपनीनेही आधी तीच शिफारस केली होती. नासाने नाराजी दाखवली, मग कंपनीने फोन बाजूला ठेवून आपापसात चर्चा केली आणि शेवटचा निर्णय फक्त व्यवस्थापकांनी घेतला. इंजिनियर त्याच खोलीत होते, त्यांना मोजलंच नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात जण गेले. म्हणजे वेगळा विचार करणारी माणसं असणं ही पहिली पायरी, ती बोलणं दुसरी, आणि त्यांचं मत निर्णयात धरलं जाणं तिसरी. बहुतेक कंपन्या पहिल्या पायरीवर फोटो काढतात आणि थांबतात.

आणि ते मागाहून एकेकटे येऊन 'तुझं बरोबर होतं' म्हणणारे? मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचे १९५० च्या दशकातले, सारख्या लांबीची रेष ओळखायचे प्रयोग आठवा. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना बाकी सगळे ठरवून चुकीचं बोलले की सुमारे तीन-चतुर्थांश लोक एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण खरं बोलणारा फक्त एक साथीदार दिला तर अशा चुका एक-चतुर्थांशावर आल्या. एक साथीदार! तुमच्या खोलीत तर तुम्ही तिघे होतात, आणि मनातून तुमच्या बाजूचे आणखी काही. तुम्ही अल्पमतात होतात की नाही हेच कुणाला कळलं नाही.

त्रयस्थ

"कायद्यात बसतंय" यावर कुणीच बोललं नाही म्हणून मीच लिहितो, विरोधी बाकावरून. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन घेतलेली वर्गणी रद्द करायचं बटण ठळक देणं कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर प्राइमच्या सदस्यत्वावरून दावा लावला, त्यात रद्द करायची प्रक्रिया मुद्दाम किचकट ठेवल्याचा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो २५० कोटी डॉलरला मिटला. तेव्हा मॅनेजरसाहेबांना सांगा, आज बसतंय ते उद्या बसेलच असं नाही.

रेघोटी

@त्रयस्थ, हे फार कामाचं आहे, मनापासून आभार. पण मॅनेजरने दंडाच्या भीतीने ऐकलं तर मला थोडं वाईटच वाटेल. त्या दोघांनी सांगितलं तेव्हाच ते पुरेसं असायला हवं होतं.

शिरस्ता

उशिरा आले. अध्यक्ष तुम्ही आहात ना, मग सोप्या गोष्टीपासून सुरू करा. सगळ्यात कनिष्ठ माणसाने आधी बोलायचं, वरिष्ठाने शेवटी. ही फार जुनी युक्ती आहे. प्राचीन ज्यू न्यायमंडळात, सनहेड्रिनमध्ये, देहदंडाच्या खटल्यात सगळ्यात कनिष्ठ न्यायाधीश आधी मत सांगत, म्हणजे ज्येष्ठाचं ऐकून त्याचं मत बदलायला नको.

एक मात्र करू नका. 'आज तू विरोधकाची भूमिका कर' असं कुणाला नेमू नका. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांनी गटांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की खरोखर वेगळं मत असलेला माणूस गटाला जेवढा नवा विचार करायला लावतो तेवढा नेमलेला विरोधक लावत नाही. लोकांना कळतं की हा नाटक करतोय. तुमच्याकडे तर खरी माणसं आहेत.

सुईदोरा

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ मध्ये आली. त्यात छेद घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. सर्जनपासून सगळ्यांनी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं, हे काय नवीन, आम्ही रोज एकत्र काम करतो की. पण एकदा आवाज फुटला की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं, हे मी रोज बघते. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही पूर्ण चेकलिस्ट वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं होतं, २००९ मध्ये छापून आलंय. सगळं श्रेय नाव सांगण्याला नाही, यादीत बाकी बरंच असतं. तरी मला तो भाग सगळ्यात आवडतो. ज्या सर्जनला माझं नाव माहीत असतं त्याला "सर, एक स्पंज कमी आहे" म्हणताना माझा आवाज कापत नाही.

खडूफळा

सुईदोरा, असं काही वाचलं की धागा निघाल्याचं सार्थक वाटतं.

रेघोटी

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. पुढच्या आढाव्यासाठी असं ठरवलंय. आदल्या दिवशी सगळ्यांनी आपलं मत दोन-चार ओळींत लिहून पाठवायचं, 'या निर्णयाने कुणाचं नुकसान होऊ शकतं' हा प्रश्न सगळ्यांना, एकट्या त्याला नाही. मी ती मतं मीटिंगच्या सुरुवातीला नावं न घेता वाचून दाखवणार, म्हणजे कोण अल्पमतात आहे आणि कोण नाही ते आधीच उघड होईल. मग नवीन मुलांनी आधी बोलायचं. मॅनेजरशी आजच बोलले, शेवटी बोलायला तो तयार आहे, थोडा चकित झाला पण तयार आहे. मिनिट्समध्ये 'सर्वानुमते' लिहायचं तर प्रत्येकाने हो म्हटलेलं असायला हवं, आणि विरोध असेल तर कारणासकट नोंद. मिनिट्स या वेळी मॅनेजर लिहिणार.

आणि निळी शाई, स्क्रीन रीडरचा मुद्दा मी स्वतः अजेंड्यावर पहिला घातलाय. 'रद्द करा'चा जुना निर्णयही त्याच्याखाली पुन्हा चर्चेला येईल.

निळी शाई

वाचून फार बरं वाटलं. एक सुचवू? मीटिंगमध्ये चर्चेआधी स्क्रीन रीडर स्पीकरवर लावा, स्क्रीन बंद ठेवा आणि सगळ्यांना फक्त ऐकून सबस्क्रिप्शन रद्द करायला सांगा. मॅनेजरपासून सुरुवात करा.

त्रयस्थ

हे मात्र करा. माझं मत अजून तेच आहे की बोनस बदलल्याशिवाय सगळं अर्धवट राहील, तेव्हा तो आकडाही अजेंड्यावर घ्या. लोक रद्द करताना अडले म्हणून टिकलेली सबस्क्रिप्शनं बोनसच्या हिशोबातून वगळायची. हा प्रस्ताव लिहायला मदत लागली तर सांगा, मी आकडेमोड करून देतो.

रेघोटी

लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सडेतोड

निकाल काय लागला ते इथेच लिहा. आणि तो लेखी मतांचा नमुना टाका, सोमवारी आमच्याकडे वापरून बघतो.